आपोआप उत्तर देणारा सेक्रेटरी

३ सप्टेंबर, सकाळी
निर्णय घेतला. इमारतीचं सेक्रेटरीपद सोडायचं. असा निर्णय मी दरवर्षी घेतो, पण या वेळी तो दात घासताना घेतला, म्हणजे आतून आला.

१२ ऑक्टोबरला वार्षिक मीटिंग. १४ ला लेकीकडे जायचं, दोन तिकिटं काढलेली आहेत. महिनाअखेरीस तिचे दिवस भरतात. ही म्हणाली, लेकीच्या लग्नात तुम्ही अर्धा वेळ पंपवाल्याशी फोनवर बोलत होतात, नातवंडाच्या वेळी तरी मोकळे होऊन या. नाही सुटलात तर मी एकटी जाईन, आणि परत कधी यायचं ते तिथे गेल्यावर ठरवीन.

रागाने नाही बोलली. भाजी निवडता निवडता बोलली. ते जास्त वाईट.

अडचण एकच. मला सोडणार कोण? नऊ वर्षं ही इमारत माझ्या खांद्यावर आहे. पद सोडतो म्हटलं की लोक हातापाया पडतील. मी मूळचा हळवा. विरघळतो.

३ सप्टेंबर, दुपारी
ब्लेड आणायला खाली निघालो. चौथ्या मजल्यावर गळतीबाईंनी गाठलं. त्यांच्या बाथरूमचं छत गळतं, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात असं म्हणतो. तळमजल्यावर वकील दारातच उभे होते, पार्किंगबद्दल. मला दोन मिनिटं निवांत हवी होती म्हणून मीटरच्या खोलीत शिरलो. आत वॉचमन मोबाइल बघत बसलेला. सरकून जागा करून देत म्हणाला, या साहेब, इथे कुणी येत नाही.

ब्लेड राहिलं.

५ सप्टेंबर
मार्ग सापडला! चॅट बॉट. इंटरनेटवर एक लेख वाचला. हा साधा प्रोग्रॅम असतो. कुणाचा मेसेज आला की त्यातला एखादा शब्द हेरायचा आणि ठरवून ठेवलेलं उत्तर पाठवून द्यायचं. माणूस लागत नाही. कमिटीचा मेसेजचा नंबर माझ्याकडेच आहे, तो याला जोडायचा.

योजना अशी. महिनाभर बॉटने उत्तरं द्यायची. मीटिंगमध्ये मी उभा राहणार आणि सांगणार, मंडळी, महिनाभर तुम्ही ज्याच्याशी बोलत होतात तो मी नव्हेच. सगळे थक्क. सेक्रेटरीची गरजच उरली नाही, असं सिद्ध होणार. मी तिकीट खिशात घालून बाहेर.

लेखात लिहिलंय, नवशिक्याला एक दुपार पुरते. म्हणजे मला तासभर.

८ सप्टेंबर
तो तास अजून चालू आहे. कॉम्प्युटर सांगतो, एकोणिसाव्या ओळीत चूक आहे. मी अठराच ओळी लिहिल्यात. ही म्हणाली, लेकीला विचारा, ती हेच काम करते. मी म्हटलं, अशा अवस्थेत तिला त्रास कशाला? खरं म्हणजे ती हसते.

११ सप्टेंबर
चालला! मी माझ्याच नंबरवरून 'लिफ्ट' असं लिहून पाठवलं आणि मला माझंच उत्तर आलं. अंगावर काटा आला.

पाणी, लिफ्ट, गळती, पार्किंग असे चार शब्द घेतले. यांतला एकही नसेल तर एक सर्वसाधारण उत्तर. मजकूर मी स्वतः केला. विमा कंपनीच्या क्लेम खात्यात तीस वर्षं पत्रं लिहिली आहेत, त्यामुळे भाषेची चिंता नव्हती. लिफ्टला: 'लिफ्ट बंद असल्यास जिना उपलब्ध आहे.' गळतीला: 'गळती ही वरच्या मजल्याची बाब आहे. वरच्या मजल्याशी बोलावे.' सर्वसाधारण: 'आपली तक्रार मिळाली. तिला आपणच जबाबदार आहात का, हे प्रथम तपासावे.'

ही चहा घेऊन आली. उभ्या उभ्या वाचलं. म्हणाली, सरका.

मग तीच बसली आणि टाइप करत राहिली. तोवर मी दोघांचा चहा प्यायलो. आता उत्तर असं जातं: 'तुम्हाला त्रास झाला, वाईट वाटलं. कळवलंत ते बरं केलंत. आज-उद्या स्वतः येऊन बघू.' पाण्याला थोडं वेगळं, लिफ्टला वेगळं, पण सूर हाच. मी म्हटलं, 'स्वतः येऊन बघू' हे कशाला? ती म्हणाली, माणसाला तेवढंच हवं असतं हो.

राहू दिलं. प्रोग्रॅम महत्त्वाचा, मजकूर काय, कुणीही भरतो.

१४ सप्टेंबर, रविवार
बॉट सुरू केला. पहिली तक्रार अर्थातच गळतीबाईंची. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर गेलं. त्यांनी उलट लिहिलं, तुमची तब्येत बरी आहे ना?

आपुलकी वाढते आहे.

१७ सप्टेंबर
तक्रारी दुप्पट झाल्या. मी या आकड्याचा नीट विचार केला. पूर्वी लोक लिहितच नसत, कारण मी उत्तर देत असे. आता उत्तराच्या ओढीने लिहितात. यश याला म्हणतात.

दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. त्यांनी लिहिलं, आज पाणी छान आलं, सहज कळवलं. बॉटला 'पाणी' एवढंच दिसलं. त्याने वाईट वाटल्याचं कळवलं आणि येऊन बघू म्हणून सांगितलं. जावं लागलं. बाईंनी नळ सोडून दाखवला. पाणी खरंच छान येत होतं. आम्ही दोघं थोडा वेळ त्या धारेकडे बघत उभे राहिलो. मग त्यांनी मुलाचे फोटो दाखवले. निघताना म्हणाल्या, वहिनींना सांगा हो, फार गोड आहेत त्या. मी म्हटलं, सांगतो. विषय कुठून कुठे नेतात!

२१ सप्टेंबर, रविवार
आज जरा गडबड. सकाळी लिफ्ट बंद पडली. लिफ्ट कंपनीला मी कमिटीच्या नंबरवरून मेसेज टाकला आणि आंघोळीला गेलो. कंपनीकडेही असलाच एक बॉट निघाला. त्याने लिहिलं, लिफ्टबाबत संपर्क केल्याबद्दल आभारी आहोत. आमच्या बॉटला 'लिफ्ट' दिसली. त्याने लिहिलं, तुम्हाला त्रास झाला, वाईट वाटलं. त्याने परत आभार मानले. याला परत वाईट वाटलं. मी केस पुसत आलो तेव्हा दोघांची इतकी गट्टी जमली होती की मध्ये पडायला संकोच वाटला. तीस वर्षांच्या नोकरीत माझ्याशी इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं.

शेवटी वायर काढली.

२३ सप्टेंबर
लिफ्ट कंपनीचा माणूस स्वतः आला. वर्षभर बोलावतोय, येत नव्हता. म्हणाला, साहेब, तुमचे एवढे मेसेज आले की आमच्या मॅनेजरला वाटलं आत कोणीतरी अडकलंय. लिफ्ट दुरुस्त. इमारतीत आनंदीआनंद. वकील लिफ्टमध्ये भेटले. म्हणाले, हल्ली तुमच्या घरून उत्तरं फार छान येतात. मी नम्रपणे म्हटलं, हो, मी घरूनच काम करतो.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. कौतुकाची नजर ओळखू येते.

२८ सप्टेंबर, रविवार
गुडघा दुखतोय. रोज सकाळी बॉटने काल कुणाकुणाला 'येऊन बघू' म्हटलं ते बघायचं आणि जिने चढायचे. गळती बघितली. गच्चीवरची फुटलेली फरशी बघितली. एका बिऱ्हाडात शेजारच्यांचा पियानो ऐकला, तो तक्रारीइतकाच वाईट आहे. बघून काही होत नाही, पण लोक पाणी आणून देतात आणि बोलत बसतात. दार सापडत नाही निघायला.

दुपारी ते वाक्य काढायचा प्रयत्न केला. 'स्वतः येऊन बघू' एवढं पुसलं, तर अख्खा प्रोग्रॅम बंद पडला. सगळ्या तक्रारी थेट माझ्या फोनवर, कच्च्याच्या कच्च्या. तासाभरात वाक्य परत टाकलं.

म्हणजे सध्या बॉट ठरवतो आणि मी जातो. तात्पुरतं आहे.

लेकीचा फोन. बाबा, नक्की येताय ना? म्हटलं, सुटलोच म्हणून समज. ती म्हणाली, आईकडे द्या. आतल्या खोलीत दोघी बराच वेळ हसत होत्या. 'एकोणिसावी ओळ' एवढंच ऐकू आलं.

५ ऑक्टोबर, रविवार
भाषण तयार. लोक गयावया करतील, तेव्हा तीनदा नकार द्यायचा. पहिला नकार हसून. दुसरा हात जोडून. तिसऱ्याला आवाज किंचित भरून आला पाहिजे. आरशासमोर सराव केला. तिसरा इतका छान जमला की माझाच निर्णय डळमळला.

ही बॅग भरते आहे. माझे चार शर्ट वेगळे काढून पलंगावर ठेवलेत, बॅगेत नाही घातले. म्हटलं, घाल की. म्हणाली, मीटिंग होऊ दे. आणि या वर्षी मीटिंगला मीही येते. तुम्ही सुटता का ते डोळ्यांनी बघते.

नऊ वर्षांत पहिल्यांदाच येते आहे. हिच्यासमोर माझं कौतुक होणार.

१२ ऑक्टोबर, रविवार, सकाळी
इस्त्रीचा शर्ट. भाषणाचे कागद. कॉम्प्युटर खाली नेऊन जोडून ठेवला. आज सुटका.

१२ ऑक्टोबर, संध्याकाळी
जे घडलं ते शांत डोक्याने लिहितो.

मी उभा राहिलो. म्हटलं, मंडळी, जड अंतःकरणाने राजीनामा देतो आहे. पुढे दोन पानं होती. वकील म्हणाले, मंजूर. टाळ्या पडल्या. बऱ्याच पडल्या. मागून कुणीतरी बाकही वाजवलं. मी पहिल्या नकारासाठी हसून ठेवलं होतं, ते हसू तसंच तोंडावर राहिलं.

मग शिक्षिकाबाई उठल्या. म्हणाल्या, नवीन सेक्रेटरी म्हणून मी वहिनींचं नाव सुचवते. महिनाभर सगळ्यांना उत्तरं त्याच देताहेत, हे काय आपल्याला कळत नाही? गळतीबाई म्हणाल्या, मी तर पहिल्याच दिवशी ओळखलं. यांनी मला मागच्या वर्षी काय उत्तर दिलं होतं? छत्री वापरा!

मी मोठ्याने हसलो. आता माझी वेळ आली होती. म्हटलं, मंडळी, तुम्ही ज्याच्याशी बोलत होतात ते हे यंत्र! आणि कॉम्प्युटरवरचं कापड काढलं.

कुणी थक्क झालं नाही. वकिलांनी विचारलं, यंत्रात वाक्यं कुणी घातली? मी म्हटलं, अर्थात मी. शेवटच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, वहिनी, तुम्हीच सांगा!

ही उठली. पदर सारखा केला. म्हणाली, वाक्यं माझी आहेत.

मला वाटलं, आता हात जोडून नाही म्हणेल. लेकीकडे जायचंय म्हणून सांगेल. ती म्हणाली, एवढी वर्षं मी या इमारतीत राहते. मला दूध आलं का, पाणी गेलं का, आणि हे घरात आहेत का, याशिवाय कुणी काही विचारलं नव्हतं. तुम्ही विचारताय तर मी करीन. पण आधी लेकीचं बाळंतपण. परवा निघते, महिन्या-दोन महिन्यांनी येईन.

बिनविरोध! या वेळचा टाळ्यांचा आवाज वेगळा होता. मीही वाजवल्या, सगळे बघत होते म्हणून.

मी म्हटलं, चला, मग दोघंही निघतो. वकील म्हणाले, थांबा साहेब. कमिटीच्या नंबरवरून महिनाभर 'स्वतः येऊन बघू' अशी लेखी आश्वासनं गेली आहेत. नियमाप्रमाणे, ती पुरी झाल्याशिवाय जुन्या सेक्रेटरीला चार्ज सोडता येत नाही. मी म्हटलं, मी जाऊन बघितलंय सगळं! गळतीबाई म्हणाल्या, बघून गेलात हो. छत अजून गळतंच आहे.

मी हिच्याकडे बघितलं. हिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, बाकीची कामं किती राहिलीत? वकिलांनी वाचायला सुरुवात केली. दुसरं पान उलटल्यावर ती म्हणाली, बरं, तुम्ही ही संपवा आणि या.

म्हणजे मी हंगामी सेक्रेटरी. ठराव मंजूर. माझ्या बाजूने दुसरा नकार होता, हात जोडून द्यायचा. कुणी विचारलंच नाही.

१३ ऑक्टोबर
फार काही बिघडलेलं नाही. आठवड्यात सगळं उरकतो आणि जातो. बाळाच्या आधी पोचतो.

नव्या सेक्रेटरींचा पहिला हुकूम, नाश्त्याला: बॉट बंद. म्हणाली, लोक माणसाला लिहितात, माणसानेच उत्तर द्यायचं. म्हटलं, मग तूच दे. म्हणाली, मी बाळाचं बघू की पार्किंगचं? तुम्ही द्या. फक्त भाषा तीच ठेवा.

म्हणजे आता बॉटसारखं मी लिहायचं. बघू, यातही काही सोय काढता येईल.

१४ ऑक्टोबर
ही गेली. माझ्या तिकिटावर मेव्हणी गेली. ती नाहीतरी जायचंच म्हणत होती. स्टेशनवरून हात केला. हिने खिडकीतून विचारलं, प्लंबरला फोन केलात का? मी म्हटलं, हो. नव्हता केला. गाडी सुटली.

पलंगावर चार शर्ट.

१९ ऑक्टोबर, रविवार
प्लंबर म्हणतो, गळती बाथरूमची नाहीच, गच्चीवरच्या टाकीची आहे, पाणी भिंतीतून खाली उतरतंय. टाकी उपसावी लागेल. तीही मी आणि वॉचमनने. लगेच करू म्हटलं होतं, पण रोज नवं काहीतरी निघतं. एक काम पुरं केलं की दोन लोक लिहितात. गोड उत्तरं देतो, म्हणून अजून चार लिहितात. कडक लिहावंसं वाटतं, पण हात आवरतो. सेक्रेटरींना तिकडे कळतं. गळतीबाई त्यांना रोज फोन करतात.

आज शिक्षिकाबाईंना लिहिलं, तुम्हाला त्रास झाला, वाईट वाटलं. खरंच वाटलं होतं, पाय मुरगळलाय त्यांचा. त्यांचं उलट उत्तर, वहिनी, तुम्ही तिकडे असूनही किती लक्ष ठेवता!

'कळवलंत ते बरं केलंत' लिहिलं.

२३ ऑक्टोबर
आठवडा संपला. कामं नाही संपली. टाकी राहिली. बाकी किरकोळ. लेकीला फोनवर म्हटलं, डॉक्टरने दिलेली तारीख साधारण असते, पहिल्या खेपेला उशीरच होतो. ती म्हणाली, बाबा, हे तुम्ही मला सांगताय की बाळाला?

सोमवारी टाकी. मंगळवारी निघतो. तिकीट मिळतंय.

२७ ऑक्टोबर, सोमवार
सकाळपासून टाकीत. वॉचमन वरून बादली ओढत होता, मी आत. फोन घरी ठेवला होता, पाण्यात पडू नये म्हणून. तळाला चीर सापडली. खरोखर सापडली. सिमेंट भरलं. टाकीच्या बाहेर डोकं काढलं तेव्हा दुपार झाली होती. वॉचमनने हाताला धरून बाहेर ओढलं आणि धरलेला हात हलवत म्हणाला, अभिनंदन साहेब.

म्हटलं, कसलं? चीर सापडली त्याचं?

तो म्हणाला, तुम्हाला माहीत नाही? आणि आपला मोबाइल माझ्यासमोर धरला. इमारतीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज होता. 'सर्वांना कळवायला आनंद होतो, आज सकाळी मी आजी झाले. मुलगी आहे. दोघी ठणठणीत. आज गच्चीवरच्या टाकीचं काम असल्याने पाणी उशिरा येईल, सांभाळून घ्या.' खाली फोटो. कापडात गुंडाळलेलं काहीतरी लाल, आणि एक मूठ. फोटोवर माझ्या अंगठ्याचं सिमेंट लागलं. पुसायला गेलो तर आणखी पसरलं. वॉचमन म्हणाला, असू दे साहेब, घरी आरामात बघा.

घरी आलो. फोनवर हिचे सात फोन येऊन गेलेले. लावला. मेव्हणीने उचलला. म्हणाली, भाऊजी, कुठे होतात? आता सगळ्या झोपल्यात. आजी पण. तिघी एका ओळीत.

२८ ऑक्टोबर
ग्रुपवरच्या गोष्टी ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांच्यासाठी बोर्डावर लावाव्या लागतात. हा नियम मीच केला होता. कॉम्प्युटरवर सेक्रेटरींचा मजकूर छापला, फोटोसकट. प्रिंटर काळा-पांढरा आहे. मूठ मात्र स्पष्ट आली.

नोटीस बोर्डावर लावली. लोक येता-जाता थांबत होते. वहिनींना आमचं अभिनंदन कळवा, म्हणत होते. कळवतो, म्हटलं. गळतीबाई म्हणाल्या, छत सुकतंय हो! आणि फोटोकडे बघून म्हणाल्या, अगदी वहिनींवर गेलीय. मुठीवरून त्यांना काय कळलं कोण जाणे.

सगळे गेल्यावर नोटीस पुन्हा वाचली. त्यात आजी होती, मुलगी होती, पाणी होतं. पेन काढलं आणि खाली लहान अक्षरात लिहिलं, 'आजोबा: हंगामी सेक्रेटरी'.

मागे वकील उभे होते. त्यांनी चष्मा लावून वाचलं. म्हणाले, साहेब, सेक्रेटरींच्या नोटिशीत परस्पर भर घालता येत नाही. ठराव लागतो.

मी म्हटलं, मग घ्या ठराव.

ते म्हणाले, घेऊ ना. पुढच्या मीटिंगला.

पुढची, सहामाही मीटिंग मार्चमध्ये. ओळ खोडली.